लिनक्स लॅपटॉप सुरू होताना नेटवर्कवरचं फोल्डर आपोआप कसं जोडून घ्यायचं

एक मशीन कायम चालू असतं, त्यात मोठी डिस्क असते, फोटो, कागदपत्रं, बॅकअप सगळं त्याच्यावर असतं, आणि आपल्याला एवढंच हवं असतं की लॅपटॉप चालू केला की ते फोल्डर स्वतःच्याच डिस्कवर असल्यासारखं समोर यावं, रोज उठून फाइल मॅनेजरमध्ये नेटवर्कवर जा, पासवर्ड टाका, हे करत बसायला लागू नये. हे अगदी व्यवस्थित जमतं. फक्त अडचण अशी की बहुतेक ठिकाणी जी कृती सांगितलेली असते ती डेस्कटॉपसाठी असते, जो एका जागी केबल लावून बसलेला असतो. लॅपटॉप झाकण मिटलं की झोपतो, बॅगेतून फिरतो आणि उठतो तेव्हा भलत्याच वायफायवर असतो, जिथे आपला सर्व्हर नसतोच.

म्हणून माझं सांगणं पहिल्यापासून एकच आहे: लॅपटॉपवर सुरू होतानाच फोल्डर जोडायला जाऊ नका. सुरू होताना फक्त तयारी करून ठेवा, आणि तुम्ही त्या फोल्डरमध्ये पहिल्यांदा पाऊल टाकाल तेव्हा ते जोडलं जाईल असं करा. ह्याला ऑटोमाउंट म्हणतात (माउंट म्हणजे जोडणं), आणि सिस्टमडी, म्हणजे लिनक्स सुरू करून सगळ्या सर्व्हिस सांभाळणारा प्रोग्राम, असलेल्या प्रत्येक लिनक्समध्ये ते आधीपासूनच आहे, वेगळं काही टाकावं लागत नाही.

मी हे न करता एफएसटॅबमध्ये, म्हणजे काय कुठे जोडायचं ते लिहिलेल्या फाइलमध्ये, साधी ओळ टाकली होती तेव्हा काय झालं ते सांगते. दुसऱ्या गावी गेले होते, सकाळी महत्त्वाचं काम होतं, लॅपटॉप चालू केला तर लॉगिनची स्क्रीन येईचना. काळ्या पडद्यावर लाल चांदण्या डावीकडून उजवीकडे सरकतायत आणि शेजारी सेकंद मोजतायत, तेवीस, चोवीस, पंचवीस, आणि पुढे लिहिलंय एकूण दीड मिनिट. सर्व्हर शेकडो किलोमीटर लांब आणि लॅपटॉप बिचारा त्याची वाट बघत उभा. हे दीड मिनिट सिस्टमडीचं ठरलेलं थांबणं आहे, ९० सेकंद, आणि लॉगिन देणारी सर्व्हिस नेटवर्कवरची फोल्डरं जोडून होईपर्यंत थांबते म्हणून पडदा काळाच राहतो. त्यात काही बिघडलेलं नव्हतं, मीच तसं सांगून ठेवलं होतं.

सुरू करण्याआधी एक गोष्ट. कमांड आणि फाइलांची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत, टर्मिनलमध्ये टाकताना ती इंग्रजी अक्षरांत, सगळी छोट्या लिपीत टाकायची, आकडेही इंग्रजीच. एफएसटॅब म्हणजे एफ, एस, टी, ए, बी ही पाच अक्षरं जोडून, आणि एटीसी म्हणजे ई, टी, सी. फोल्डरचं नाव मी सगळीकडे साठा धरलंय, तुम्ही तुमचं ठेवा, पण त्यात स्पेस ठेवू नका. एफएसटॅबमध्ये स्पेस म्हणजे पुढचा रकाना, त्यामुळे नावात स्पेस असेल तर तिथे बॅकस्लॅश आणि पुढे ०४० असं लिहावं लागतं, आणि नवख्या माणसाचे दोन तास इथेच जातात.

आधी ठरवा, एनएफएस की सांबा

दोन रस्ते आहेत. एनएफएस सन मायक्रोसिस्टम्सनी १९८४ मध्ये काढलं, युनिक्सच्या जगातलंच, त्यामुळे फाइलचा मालक, परवानग्या, लिंका सगळं जसंच्या तसं येतं. दुसरा एसएमबी, म्हणजे विंडोजची फोल्डर शेअर करायची भाषा, आणि ती भाषा युनिक्सला बोलता यावी म्हणून अँड्र्यू ट्रिजेल यांनी सांबा लिहायला घेतलं, १९९२ मध्ये ते लोकांसमोर आलं.

फरक कामाचा असा आहे की साधं एनएफएस पासवर्ड विचारतच नाही. लॅपटॉप म्हणतो मी १००० नंबरचा युजर, सर्व्हर म्हणतो बरं. त्याला फक्त आयपी पत्ता मान्य यादीतला आहे का एवढंच कळतं. म्हणून ज्या नेटवर्कवर फक्त तुमची आणि विश्वासाची मशीनं आहेत आणि सगळी लिनक्सच आहेत, तिथे एनएफएस घ्या, हलकं आहे आणि कटकट कमी. विंडोजची मशीनंही त्याच फोल्डरवर येणार असतील किंवा नेटवर्कवर अनोळखी लोक असतील तर सांबा घ्या, तिथे युजर आणि पासवर्ड लागतो आणि एसएमबी ३ पासून पुढे एन्क्रिप्शनही लावता येतं. बाजारात मिळणाऱ्या तयार स्टोरेज डब्यात बहुधा दोन्ही असतात, सेटिंगमध्ये टिक करायची.

सर्व्हरवर काय करायचं

सर्व्हर म्हणजे ज्या मशीनवर डिस्क आहे ते. डेबियन आणि उबंटूवर एनएफएस-कर्नल-सर्व्हर नावाचं पॅकेज, फेडोरा आणि आर्चवर एनएफएस-युटिल्स. ते टाकलं की /एटीसी/एक्स्पोर्ट्स ह्या फाइलमध्ये एक ओळ:

/एसआरव्ही/साठा १९२.१६८.१.०/२४(आरडब्ल्यू,सिंक,नो_सबट्री_चेक)

आरडब्ल्यू म्हणजे वाचता लिहिता दोन्ही येईल, आणि /२४ म्हणजे १९२.१६८.१ नी सुरू होणारे सगळे पत्ते. आता ही ओळ डोळे जवळ नेऊन बघा. २४ आणि कंस ह्यांच्यामध्ये जागा नाहीये. तिथे चुकून एक स्पेस पडली ना, तर अर्थ पूर्ण बदलतो: तुमच्या नेटवर्कला साध्या ठरलेल्या परवानग्या मिळतात, आणि कंसातल्या परवानग्या, म्हणजे लिहायची मुभा, जगातल्या कुठल्याही पत्त्याला मिळते. ही फाइल वाचणारी एक्स्पोर्टएफएस ही कमांड जास्तीत जास्त एखादी सूचना छापते आणि पुढे जाते. हे मी दोनदा सांगितलं तरी कमी आहे, ओळ लिहिली की एकदा ह्या एकाच गोष्टीसाठी परत वाचा.

मग सुडो एक्स्पोर्टएफएस -आरए चालवा (सुडो म्हणजे रूटच्या, मशीनच्या सर्वाधिकारी युजरच्या, हक्कानं), म्हणजे यादी नव्यानं वाचली जाते, आणि सुडो एक्स्पोर्टएफएस -व्ही चालवून कुणाला काय मिळालंय ते बघा. वरची स्पेसची चूक झाली असेल तर इथे वर्ल्ड असा शब्द दिसेल.

फायरवॉल असेल तर पोर्ट २०४९ उघडा. एनएफएसची चौथी आवृत्ती सगळं ह्या एकाच पोर्टवरून करते, तिसऱ्या आवृत्तीला १११ आणि शिवाय बदलते पोर्ट लागायचे, आणि तेवढ्यासाठी तरी चौथीच वापरा. पोर्ट फक्त आतल्या नेटवर्कसाठी उघडायचा. राउटरवर बाहेरच्या इंटरनेटसाठी २०४९ किंवा सांबाचा ४४५ कधीही उघडू नका, बाहेरून फाइली हव्या असतील तर वायरगार्डसारखा व्हीपीएन लावा आणि त्याच्या आतून जोडा.

सर्व्हरचा पत्ता बदलता कामा नये हेही बघा. राउटरमध्ये डीएचसीपी रिझर्व्हेशन असतं, तिथे त्या मशीनला एक पत्ता कायमचा देऊन टाका. मी खाली १९२.१६८.१.१० धरलाय.

युजरचा नंबर जुळवा

एनएफएसला नाव कळत नाही, नंबर कळतो. दोन्ही मशीनवर आयडी -यू चालवून बघा. डेबियन, उबंटू, फेडोरा, आर्च, सगळीकडे पहिल्या युजरला १००० मिळतो त्यामुळे एकटे असाल तर बहुधा आपोआप जुळतं. पण घरात दोघंजण असतील, आणि सर्व्हरवर तुमचं खातं दुसरं म्हणून १००१ असेल, तर लॅपटॉपवरून तुम्ही दुसऱ्याचे म्हणून लिहाल आणि स्वतःच्याच फाइली उघडणार नाहीत. असं असेल तर नवीन मशीन लावताना खातं बनवायच्या वेळीच योग्य नंबर द्या, युजरअ‍ॅड -यू १००१ असं. नंतर बदलता येतो पण मग जुन्या सगळ्या फाइलींचा मालकही बदलत बसावं लागतं.

आणि एक. सुडो लावून शेअरवर फाइल टाकायला गेलात आणि परवानगी नाही असं आलं तर दचकू नका. सर्व्हर लॅपटॉपच्या रूटला मानत नाही, त्याला नोबडी, म्हणजे खास हक्क नसलेला युजर, करून टाकतो. हे रूट स्क्वॉश, मुद्दाम ठेवलेलं असतं आणि तसंच राहू द्या, नाहीतर कुणीही आपल्या लॅपटॉपवर रूट होऊन तुमची अख्खी डिस्क पालथी घालेल. इथे सुडोनं ताकद वाढत नाही, कमी होते.

लॅपटॉपवर आधी हातानं जोडून बघा

सरळ एफएसटॅब लिहायला घेऊ नका. आधी हातानं जोडलं जातंय का ते बघायचं, कारण मग पुढे काही अडलं तर निदान नेटवर्क आणि सर्व्हर ठीक आहेत एवढं पक्कं असतं.

डेबियन आणि उबंटूवर एनएफएस-कॉमन, फेडोरा आणि आर्चवर एनएफएस-युटिल्स टाका. हे राहिलं तर माउंट करताना राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक असा घाबरवणारा मेसेज येतो, आणि माणसाला वाटतं डिस्कच गेली. डिस्कला काही झालेलं नसतं, मदतनीस पॅकेज नसतं एवढंच.

सुडो एमकेडीआयआर /एमएनटी/साठा
सुडो माउंट -टी एनएफएस४ १९२.१६८.१.१०:/एसआरव्ही/साठा /एमएनटी/साठा

काहीच न बोलता प्रॉम्प्ट परत आला तर झालं. फाइंडएमएनटी /एमएनटी/साठा म्हणा, एक ओळ दिसेल. एखादी फाइल बनवून बघा, सर्व्हरवर जाऊन तिचा मालक बरोबर आहे का बघा, आणि मग सुडो यूमाउंट /एमएनटी/साठा करून काढून टाका. कमांडमध्ये यू नंतर एन नाहीये हे लक्षात ठेवा, अनमाउंट असं टाइप केलं तर कमांड सापडत नाही म्हणतं.

माउंट काढल्यावर, आत्ता, फोल्डर रिकामं असताना, अजून एक काम करून घ्या:

सुडो चॅटर +आय /एमएनटी/साठा

चॅटर म्हणजे सीएच, एटीटीआर. ह्यानं ते रिकामं फोल्डर कुलूपबंद होतं, त्यात रूटलाही काही लिहिता येत नाही, पण वरून माउंट मात्र होतं. का करायचं? माउंट झालेलं नसताना /एमएनटी/साठा हे तुमच्याच डिस्कवरचं साधं फोल्डर असतं. बॅकअपची स्क्रिप्ट येते, तिला काय माहीत सर्व्हर आहे का नाही, ती पन्नास जीबी फोटो त्यात ओतते, लॅपटॉपची डिस्क भरते, आणि नंतर माउंट झालं की त्या फाइली खाली झाकल्या जातात, दिसतही नाहीत. डिस्क भरलेली आणि फाइली कुठेच नाहीत. कुलूप असेल तर स्क्रिप्ट तिथल्या तिथे एरर देते आणि तुम्हाला कळतं. डिस्क साध्या ईएक्सटी ४ वर किंवा बीटीआरएफएसवर असेल तर हे चालतं.

आता एफएसटॅबची ओळ

आधी कॉपी: सुडो सीपी /एटीसी/एफएसटॅब /एटीसी/एफएसटॅब.जुनी. ही सवय मोडू नका. मग सुडो नॅनो /एटीसी/एफएसटॅब, आणि शेवटी एकाच ओळीत, मध्ये एंटर न मारता:

१९२.१६८.१.१०:/एसआरव्ही/साठा /एमएनटी/साठा एनएफएस४ _नेटडेव,नोफेल,एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट,एक्स-सिस्टमडी.आयडल-टाइमआउट=३००,एक्स-सिस्टमडी.माउंट-टाइमआउट=१५ ० ०

सहा रकाने आहेत: कुठून, कुठे, कुठला प्रकार, ऑप्शन, आणि शेवटचे दोन शून्य. शेवटचे दोन डंप आणि डिस्क तपासणीसाठी असतात, नेटवर्क फोल्डरला ते कायम शून्यच. ऑप्शनच्या रकान्यात स्वल्पविरामानंतर स्पेस नाही, अजिबात नाही.

ऑप्शन एकेक समजून घ्या कारण नुसती ओळ चिकटवली तर पुढे अडलं की काहीच सुचत नाही.

_नेटडेव, सुरुवातीच्या अंडरस्कोरसकट, सांगतो की ह्याला नेटवर्क लागतं, त्यामुळे हे नेटवर्क आल्यावर जोड आणि बंद करताना नेटवर्क जाण्याआधी सोड. एनएफएस आणि सीआयएफएस (सांबाच्या शेअरसाठी लिहायचा प्रकार) हे प्रकार सिस्टमडी स्वतःच ओळखतं, मग हा कशाला? तर टायपिंगच्या चुकीसाठी. तुम्ही प्रकाराच्या रकान्यात एनएफएसच्या जागी एनएसएफ लिहून बसलात तर सिस्टमडीला ते लॅपटॉपमधल्याच डिस्कचं काहीतरी वाटतं, ते जोडता आलं नाही की तो थेट इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन रूटचा पासवर्ड मागत बसतो. नोफेल ह्याच कारणासाठी. तो म्हणतो हे जमलं तर उत्तम, नाही जमलं तर मशीन अडवू नकोस. लॅपटॉपवर नेटवर्कची एकही ओळ नोफेल शिवाय असू नये असं माझं मत आहे.

एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट हा ह्या ओळीचा जीव. ह्याच्यामुळे बूट होताना सर्व्हरला कुणी हाकच मारत नाही, /एमएनटी/साठा वर फक्त एक पहारेकरी बसतो. तुम्ही आत गेलात की तो त्या क्षणी जोडतो, अर्ध्याएक सेकंदाचा थांबा जाणवेल तेवढाच. काही ठिकाणी सोबत नोऑटो पण लिहिलेलं दिसेल, पण ऑटोमाउंट असताना बूटच्या वेळी सिस्टमडी त्याच्याकडे बघतच नाही, म्हणून मी घातलं नाही.

आयडल-टाइमआउट=३०० म्हणजे पाच मिनिटं कुणी हात लावला नाही तर सोडून दे. हे न लिहिता ठेवलं तर एकदा जोडलेलं जोडलेलंच राहतं, आणि लॅपटॉपवर नेमकं तेच नको असतं. मात्र फोटो शोधणारी किंवा फाइलींची सूची बनवणारी एखादी सर्व्हिस सारखी आत डोकावत असेल तर पाच मिनिटं कधी भरतच नाहीत, म्हणून हे फोल्डर होममध्ये किंवा डेस्कटॉपवर न ठेवता /एमएनटी खाली ठेवायचं. माउंट-टाइमआउट=१५ म्हणजे सर्व्हर नसेल तर पंधरा सेकंदात नाही म्हणून मोकळा हो.

सेव्ह केलं की लगेच रीस्टार्ट मारू नका. आधी

सुडो फाइंडएमएनटी --व्हेरिफाय

ही कमांड एफएसटॅब वाचून प्रकाराचं नाव चुकलंय, फोल्डर अस्तित्वातच नाही अशा चुका दाखवते. मग

सुडो सिस्टमसीटीएल डेमन-रिलोड
सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट रिमोट-एफएस.टार्गेट

सिस्टमडी एफएसटॅब सरळ वापरत नाही, त्यावरून स्वतःच्या युनिट फाइली बनवतं, म्हणून डेमन-रिलोड केल्याशिवाय तुमचा बदल त्याच्यापर्यंत पोचतच नाही. एफएसटॅब बदलूनही काही फरक पडत नाही असं दहातल्या नऊ जणांना वाटतं त्याचं कारण हेच. आता एलएस /एमएनटी/साठा करा. फाइली दिसल्या की जमलं.

वायफायची एक टिक

इथे पुष्कळ जण अडकतात आणि दोष एफएसटॅबला देतात. वायफायचा पासवर्ड नेटवर्कमॅनेजर कधी कधी फक्त तुमच्या युजरपुरता ठेवतो. म्हणजे तुम्ही लॉगिन करेपर्यंत वायफाय चालूच होत नाही, आणि बूटच्या वेळी जे काही नेटवर्क मागेल ते उपाशी राहतं. वायफायच्या कनेक्शनच्या सेटिंगमध्ये सगळ्या युजरना हे कनेक्शन वापरू द्या अशा अर्थाची एक टिक असते, ती लावा. मग पासवर्ड /एटीसी खाली सिस्टमपाशी राहतो आणि वायफाय लॉगिनच्या आधीच येतं. ऑटोमाउंट असेल तर ह्याची गरज कमी, कारण आत शिरेपर्यंत तुम्ही लॉगिन केलेलंच असतं. पण रात्री आपोआप चालणारा बॅकअप असेल किंवा लॅपटॉप उघडून कुणी लॉगिन न करता काम चालणार असेल तर ही टिक हवीच.

सांबा घेतला असेल तर

सर्व्हरवर सांबा टाकून /एटीसी/सांबा/एसएमबी.कॉन्फ मध्ये चौकटी कंसात शेअरचं नाव, खाली पाथ आणि रीड ओन्ली = नो, मग टेस्टपार्म चालवून फाइल बरोबर आहे का बघायची. युजर सुडो एसएमबीपासडब्ल्यूडी -ए नं जोडायचा. सांबाचा पासवर्ड लिनक्सच्या लॉगिनपेक्षा वेगळा साठवला जातो, तो युजर लिनक्सवर आधीपासून असला तरी सांबात वेगळा घालावाच लागतो, हे न कळल्यामुळे लोक बरोबर पासवर्ड टाकूनही एरर १३, म्हणजे परवानगी नाही, बघत बसतात.

लॅपटॉपवर पॅकेज सीआयएफएस-युटिल्स. पासवर्ड एफएसटॅबमध्ये लिहू नका, ती फाइल मशीनवरचा कुठलाही युजर वाचू शकतो. शिवाय पासवर्डात स्वल्पविराम असला तर ऑप्शनचा रकाना तिथेच तुटतो. वेगळी फाइल करा, समजा /एटीसी/सांबा/साठा.क्रेड, तिच्यात दोन ओळी, युजरनेम= आणि पासवर्ड=, बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला स्पेस न देता. मग सुडो सीएचमॉड ६०० लावा म्हणजे रूटशिवाय कुणाला उघडता येणार नाही. आणि ओळ:

//१९२.१६८.१.१०/साठा /एमएनटी/साठा सीआयएफएस क्रेडेन्शियल्स=/एटीसी/सांबा/साठा.क्रेड,युआयडी=१०००,जीआयडी=१०००,_नेटडेव,नोफेल,एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट,एक्स-सिस्टमडी.आयडल-टाइमआउट=३००,एक्स-सिस्टमडी.माउंट-टाइमआउट=१५ ० ०

युआयडी आणि जीआयडी नाही लिहिलं तर सगळ्या फाइली रूटच्या दिसतात आणि तुम्हाला लिहिता येत नाही. एरर ११२, होस्ट डाउन आला, आणि पिंग तर चालतंय, तर सर्व्हर बहुधा फार जुना आहे आणि त्याला फक्त एसएमबी १ येतं. तो चालू करण्याच्या नादी लागू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे खंडणी मागणारं व्हायरस पसरलं ते विंडोजच्या एसएमबी १ मधल्याच भोकातून, आणि सांबानंही २०१९ च्या ४.११ पासून तो मूळ सेटिंगमध्ये बंद ठेवलाय. सर्व्हर अपडेट करा, होत नसेल तर बदला.

आणि सांबावाल्यांनी अजून एक जपायचं. १९२.१६८.१.१० हा पत्ता बाहेर कुठल्याही वायफायवर दुसऱ्या कुणाचा असू शकतो. तुम्ही तिथे बसून फोल्डर उघडलं तर लॅपटॉप त्या अनोळखी मशीनपुढे तुमच्या नावानं लॉगिन करायला जाईल. नेहमी बाहेर असाल तर पत्ता व्हीपीएनच्या आतलाच वापरा, म्हणजे व्हीपीएन नसताना तो कुठे पोचणारच नाही.

अडकलं तर

एनएफएस मूळचं हार्ड असतं. म्हणजे सर्व्हर गायब झाला तर फाइल वाचणारा प्रोग्राम तो परत येईपर्यंत थांबून राहतो, डिस्कवरची जागा दाखवणारं डीएफ टाकलं तरी टर्मिनल गोठतं, फाइल मॅनेजर पांढरा पडतो. ह्याला वैतागून लोक सॉफ्ट ऑप्शन लावतात, मग थोड्या वेळानं एरर येऊन सुटका होते. पण लिहिता लिहिता एरर आली आणि प्रोग्रामनं ती नीट हाताळली नाही तर फाइल अर्धवट राहते आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. माझं म्हणणं, गाणी किंवा सिनेमे अशा नुसत्या वाचायच्या फोल्डरला सॉफ्ट चालेल, जिथे तुम्ही स्वतःचं काम लिहिताय तिथे हार्डच ठेवा आणि आयडल-टाइमआउटवर भिस्त ठेवा.

गोठलंच तर सुडो यूमाउंट -एल /एमएनटी/साठा. हे नाव लगेच काढून टाकतं आणि मागचं आवरणं नंतर करतं. उघड्या फाइलींमध्ये न लिहिलेलं काही असेल तर ते जाऊ शकतं, म्हणून हा शेवटचा उपाय.

झोपण्याचं प्रकरण ह्याच्याहून वाईट. झाकण मिटलं की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सगळे प्रोग्राम थिजवतं, आणि त्यासाठी त्याला २० सेकंद असतात. एखादा प्रोग्राम गायब सर्व्हरची वाट बघत अडकलेला असेल तर तो थिजत नाही, झोपणं रद्द होतं, आणि लॅपटॉप चालू अवस्थेत बॅगेत जातो. मी एकदा तासाभरानं बॅग उघडली तर आतून गरम वाफ यावी तसा चेहऱ्यावर झोत आला, पंखा पूर्ण वेगानं फिरत होता आणि बॅटरी संपत आलेली. लॉगमध्ये लिहिलेलं होतं की २०.०० सेकंदांनंतर कामं थिजवता आली नाहीत. निघायच्या आधी हे करा:

सुडो सिस्टमसीटीएल स्टॉप एमएनटी-साठा.माउंट

हे फक्त जोडणी सोडतं, पहारेकरी जागेवर राहतो, परत आत गेलात की परत जोडलं जातं. लक्षात राहत नसेल तर ह्याचीच छोटी स्क्रिप्ट करून /यूएसआर/लिब/सिस्टमडी/सिस्टम-स्लीप ह्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तिला चालवायची परवानगी द्या. झोपण्याआधी तिला पहिला शब्द प्री आणि उठल्यावर पोस्ट असा मिळतो, प्री असेल तेव्हाच वरची कमांड चालवायची. युनिटच्या नावात पहिला स्लॅश जातो आणि बाकीच्यांचा हायफन होतो, म्हणून /एमएनटी/साठा चं एमएनटी-साठा झालं.

काय बिनसलंय ते बघायला जर्नलसीटीएल -बी -यू एमएनटी-साठा.माउंट. टाइम आउट दिसलं तर पत्ता किंवा फायरवॉल, अ‍ॅक्सेस डिनाइड दिसलं तर सर्व्हरची एक्स्पोर्ट्स फाइल, स्टेल फाइल हँडल दिसलं तर सर्व्हरवर ते फोल्डर कुणीतरी हलवलं किंवा नव्यानं बनवलं, सोडून परत जोडा.

मॅक आणि फ्रीबीएसडीवाल्यांसाठी थोडक्यात. मॅकवर हेच काम ऑटोएफएस करतं, /एटीसी/ऑटो_मास्टर मध्ये नोंद करायची, आणि लिनक्सच्या सर्व्हरनं ऑपरेशन नॉट परमिटेड म्हणून हाकललं तर ऑप्शनमध्ये रेसव्हीपोर्ट घाला, कारण लिनक्स सर्व्हरला १०२४ च्या खालच्या पोर्टवरून आलेलाच क्लायंट चालतो. फ्रीबीएसडीवर आरसी.कॉन्फमध्ये एनएफएस_क्लायंट_एनेबल ला येस करा आणि एफएसटॅबच्या ओळीत लेट आणि बीजी घाला, म्हणजे सर्व्हर नसला तरी बूट पुढे जातं.

सगळं झालं की दोन वेळा रीस्टार्ट करून बघा. एकदा नेहमीच्या वायफायवर, आत जाऊन फाइल उघडून. दुसऱ्यांदा सर्व्हरची केबल काढून, आणि तेव्हा लॉगिनची स्क्रीन रोजच्याइतक्याच वेळात आली पाहिजे, फोल्डर उघडल्यावर पंधरा सेकंदात एरर आली पाहिजे, आणि बाकी लॅपटॉप तोवर हवा तसा चालत राहिला पाहिजे. ही दुसरी चाचणी घरीच करून घ्या, दुसऱ्या गावी जाऊन कळण्यापेक्षा.